पुण्याचे वजन

शीर्षक वाचून पुणेकरांनी सरसावून बसू नये. मी स्वतः गेली वीस वर्षे या शहरात राहते, आणि त्याचे वजन करू शकेल असा तराजू अजून कुणी घडवलेला नाही हे मला अनुभवाने ठाऊक आहे. मला म्हणायचे आहे ते दुसरे पुण्य: पापाच्या समोरच्या पारड्यात बसणारे, पोथ्यापुराणांतून गाठीला बांधले जाणारे, चित्रगुप्त ज्याचा जमाखर्च ठेवतो असे आपण लहानपणापासून ऐकत आलो ते. त्या पुण्याला वजन असते का? असलेच तर ते मोजायचे कशात? प्रश्न थट्टेचा वाटेल. पण माझ्या मनात तो थट्टेच्या वाटेने आला नाही. एका बातमीच्या वाटेने आला.

अपघाताच्या बातम्या वर्तमानपत्रात रोजच असतात. सकाळच्या चहाबरोबर आपण त्या वाचतो, क्षणभर हळहळतो आणि पान उलटतो. पण एखादी बातमी अशी येते की चहाचा घोट घशातच अडकावा. पुरात सापडलेल्यांना सोडवायला गेलेले हेलिकॉप्टर कोसळते. भुकेल्यांसाठी धान्य घेऊन निघालेले विमान समुद्रात पडते. मेलेल्यांची संख्या इतर अपघातांपेक्षा पुष्कळदा कमीच असते. तरीही ही बातमी निराळी लागते. सावकाराच्या घरी चोरी झाली तर आपण ‘अरेरे’ म्हणतो. अन्नछत्राला आग लागली तर मात्र आपली मान नकळत वर, आभाळाकडे जाते. दुःखाच्या जोडीला तिथे तक्रारही असते.

मला वाटते, आपल्या सगळ्यांच्याच मनात एक न लिहिलेला करार असतो. दुसऱ्यासाठी धावणाऱ्याच्या पायात निदान त्या वेळी तरी काटा मोडू नये, असा. हा करार कुणी केला, कुठे नोंदवला, त्यावर सही कुणाची, हे आपण कधी विचारत नाही. तो मोडला की मात्र आपल्याला फसवले गेल्यासारखे वाटते.

२०१३ च्या जून महिन्यातली गोष्ट तुम्हांला आठवत असेल. १६ आणि १७ जूनला केदारनाथच्या खोऱ्यात पाण्याने हाहाकार केला. रस्ते वाहून गेले, पूल वाहून गेले, हजारो यात्रेकरू डोंगरांत अडकले. वायुदलाची हेलिकॉप्टरे दिवसामागून दिवस त्या अरुंद दऱ्यांतून फेऱ्या घालत होती. २५ जूनला त्यांतलेच एक एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर केदारनाथहून परतताना गौरीकुंडाजवळ कोसळले. आतले वीसच्या वीस जण गेले. ५ वायुदलाचे, ९ राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे, ६ भारत-तिबेट सीमा पोलिसांचे.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ती बातमी दोनदा वाचली. चष्मा काढून पदराने पुसला आणि मला म्हणाल्या, “दुसऱ्याला वाचवायला गेलेली पोरं ही. मग पुण्याचा उपयोग तरी काय गं?”

प्रश्न केवळ धर्माचा नव्हता, हे त्यांना आणि मलाही ठाऊक होते. त्यांचा नातू, म्हणजे माझ्या नणंदेचा मुलगा, तेव्हा खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकत होता आणि त्याला हेलिकॉप्टरच चालवायचे होते. सासूबाई रोज संध्याकाळी रामरक्षा म्हणत. त्या पठणात एक वाटा त्या मुलाच्या नावाचा असे. त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. पुढे काही वर्षांनी त्या गेल्या. भाचा हेलिकॉप्टर चालवू लागला. आणि प्रश्न आमच्या घरी, त्यांच्या जपमाळेसारखा, राहून गेला.

आता मराठीच्या प्राध्यापिकेला प्रश्न पडला की ती कुठे जाणार? विमानशास्त्राकडे नक्कीच नाही. ती आधी रामायणात जाते. मीही गेले, आणि पाहते तो काय, आपल्या पूर्वजांना या विषयाची चांगलीच माहिती होती! संकटात सापडलेल्या माणसाच्या मदतीला आकाशमार्गे धावलेला पहिला जीव म्हणजे जटायू. हेतू म्हणाल तर त्याहून शुद्ध हेतू नाही. पण रावणाने त्याचे पंख छाटलेच. वाल्मीकींनी जटायूला वाचवले नाही. कथा त्यांच्या हातात होती, हवे तर एखादी आकाशवाणी आणता आली असती. त्यांनी ती आणली नाही. रामाला मात्र त्यांनी एक काम दिले. रामाने लक्ष्मणाला लाकडे गोळा करायला सांगितली आणि त्या पक्ष्याला स्वतः अग्नी दिला, एखाद्या वडीलधाऱ्याला द्यावा तसा. ही लाकडे लक्षात ठेवा. त्यांच्याकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

दुसरा अर्थातच हनुमंत. लक्ष्मण मूर्च्छित पडलेला, सूर्योदयाच्या आत औषधी आणायची. वनस्पती ओळखता येईना, तेव्हा त्याने अख्खा पर्वतच उचलला. आपण लहानपणी या प्रसंगाला टाळ्या वाजवतो. पण आता मला त्यात आणखी काही दिसते. नेमके काय हवे ते कळत नसले आणि वेळ थोडा असला की मदत करणारा सगळेच उचलतो. हवी असते चार पानांची मुळी, आणि खांद्यावर येतो डोंगर! हनुमंताला ते पेलले, कारण तो हनुमंत होता. विमाने वायुपुत्र नसतात.

रॉबर्टो क्लेमेंटे हे नाव आपल्याकडे फारसे ऐकिवात नाही. अमेरिकेत मात्र ते आजही आदराने घेतात. पोर्टो रिको बेटावर जन्मलेला हा बेसबॉलपटू पिट्सबर्गच्या संघातून खेळे. १९७२ चा मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट्स जमा झाल्या होत्या. त्या खेळातला हा मान फार थोड्यांना मिळतो. त्याच वर्षी २३ डिसेंबरला निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपाने उद्ध्वस्त झाली. काही आठवड्यांपूर्वीच क्लेमेंटे तिथे हौशी खेळाडूंचा संघ घेऊन गेला होता. शहर डोळ्यांसमोर होते, माणसे ओळखीची झाली होती. तो नाताळ विसरून मदत गोळा करू लागला. अन्न, कपडे, औषधे जमली, रवानाही झाली. पण पाठवलेले सामान सैनिकांच्याच हाती पडते, गरजूंपर्यंत पोचत नाही, असे त्याच्या कानावर आले. तेव्हा त्याने ठरवले की पुढच्या विमानातून आपण स्वतः जायचे. आपण समोर उभे असलो तर चोरायची हिंमत कुणाला होणार नाही!

३१ डिसेंबरच्या रात्री नवे वर्ष उंबरठ्यावर असताना ते जुने, चार इंजिनांचे डीसी-७ विमान सान हुआनहून उडाले आणि थोड्याच वेळात किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. आत पाच जण होते. क्लेमेंटेचा देह कधीच सापडला नाही. चौकशीत निघाले ते असे: विमानात मर्यादेपेक्षा सुमारे १,९०० किलो जास्त माल भरलेला होता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला त्या विमानाला जमिनीवर अपघात होऊन नुकसान झाले होते. आणि इंजिनांवर लक्ष ठेवायला हवा तसा शिकलेला माणूस आत नव्हता.

हे वाचले तेव्हा माझ्या मनात त्या १,९०० किलोंचेच विचार घोळत राहिले. काय असेल त्यांत? दुधाची भुकटी असेल, औषधांची खोकी असतील, कुणा आजीने दिलेली लोकरीची पांघरुणे असतील. एकेक वस्तू हातात घेऊन पाहिली तर कुठलीच टाकून देण्याजोगी नव्हती. प्रत्येक खोक्यामागे एक जीव वाचण्याची आशा होती. ‘एवढे एक राहू द्या’ असे म्हणणारा कोणीही दुष्ट नव्हता. दुष्टपणाने भरलेले विमान कदाचित कुणी अडवले असते. दयेने भरलेल्याला कोण अडवणार?

असा अडवणारा एक माणूस मी पाहिला आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर भागात महापूर आला. पाणी ओसरू लागल्यावर आमच्या कॉलेजातल्या मुलांनी मदत गोळा केली. वर्गाचा एक कोपरा भरला, मग वर्ग भरला, मग व्हरांडा. गव्हाची पोती, तेलाचे डबे, चादरी, आणि एका गाठोड्यात तर कुणाच्या तरी लग्नातली जरीची शेरवानी! टेम्पो आला. मुले भरू लागली. टेम्पोवाले काका एका बाजूला बिडी ओढत चाकांकडे पाहत उभे होते. शेवटची सहा पोती उरली तेव्हा त्यांनी हात वर केला. “बास.”

आमचे एक सहकारी कळवळून म्हणाले, “अहो, लोक तिकडे उपाशी आहेत. सहा पोत्यांनी काय होतंय?”

काकांनी बिडी विझवली. म्हणाले, “सर, माल धर्माचा असला तरी टायर रबराचाच हाय. खंबाटकीच्या घाटात टायर विचारत न्हाय, आत काय भरलंय म्हणून.”

वाद झाला. आवाज चढले. एका विद्यार्थिनीच्या डोळ्यांत पाणी आले. काका काही हलले नाहीत. सहा पोती दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीने गेली. त्याच पुरात, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली होती आणि माणसे बुडाली होती. पेलवतील त्याहून जास्त माणसे तिच्यात होती. पाणी वाढत असताना काठावर उरलेल्या आयाबायांना ‘तू थांब’ म्हणणे किती कठीण असेल, याची कल्पना घरात बसून येणार नाही. पण नावेलाही, टायरसारखेच, आत कोण बसले आहे हे कळत नाही.

यंत्रांचा हा आंधळेपणा आपल्याला निर्दय वाटतो. १९७५ च्या ४ एप्रिलला सायगावहून अमेरिकेचे एक प्रचंड सी-५ विमान अनाथ मुलांना घेऊन निघाले. युद्ध संपत आले होते, शहर पडणार हे दिसत होते. तान्ही मुले अक्षरशः कुशीत घेऊन लोक विमानात चढले होते. उड्डाणानंतर काही मिनिटांतच मागच्या दाराच्या कड्या निखळल्या, दार फाटून गेले आणि शेपटाकडच्या दोऱ्या तुटल्या. वैमानिकांनी इंजिनांचा जोर कमीजास्त करीत ते धूड परत फिरवले आणि भातखाचरात उतरवले. त्यांच्या कौशल्याने अर्ध्याहून अधिक लोक वाचले. तरी १३८ गेले, त्यांत ७८ मुले होती. दाराच्या कडीला मुले दिसत नाहीत. ती नीट बसली आहे की नाही, एवढेच खरे असते. म्हणून ज्यांना मुले दिसतात त्यांनी कडी पाहायची असते.

तुम्ही म्हणाल, सगळेच अपघात वजनाचे आणि कडीचे नसतात. खरे आहे. हनुमंताच्याच कथेत पुढे काय झाले ते पाहा. तुलसीदासांच्या रामचरितमानसात तो पर्वत घेऊन अयोध्येवरून जात असताना भरताने त्याला पाहिले. रात्रीची वेळ, आकाशात काहीतरी अवाढव्य चाललेले. राक्षस असेल असे समजून भरताने बाण सोडला आणि हनुमंत रामनाम घेत जमिनीवर आला. मदतीच्या विमानावर शस्त्र चालवले गेल्याची ही आपल्याकडची कथा. चालवणारा भरतासारखा सज्जन होता, आणि ज्याच्यासाठी औषध चालले होते तो त्याचाच भाऊ होता!

नायजेरियाच्या यादवी युद्धात हीच गोष्ट रामनामाशिवाय घडली. १९६७ ते १९७० या काळात बियाफ्रा हा फुटून निघालेला प्रांत चारी बाजूंनी कोंडला गेला आणि तिथली मुले उपासमारीने मरू लागली. मदत पोचवायला उरली होती एक धावपट्टी. तीही खरी धावपट्टी नव्हे. उली गावाजवळचा एक रस्ता रुंद करून घेतलेला. विमाने रात्रीच यायची. खाली अंधार, वर बॉम्ब टाकणारे शत्रूचे विमान. उतरणाऱ्या विमानासाठी दिवे लावायचे ते अगदी थोडा वेळ, आणि चाके टेकली की पुन्हा काळोख. चर्चच्या संघटनांनी आणि रेडक्रॉसने अशा हजारो फेऱ्या केल्या. कित्येक विमाने त्या अंधारात झाडांवर आदळली. आणि ५ जून १९६९ रोजी रेडक्रॉसचे एक विमान नायजेरियाच्या लढाऊ विमानाने पाडले. त्यानंतर रेडक्रॉसला उड्डाणे थांबवावी लागली. भरताने निदान हनुमंताला शुद्धीवर आणले, क्षमा मागितली आणि पुढे जाऊ दिले. इतिहासातले भरत तेवढे करीत नाहीत.

इथवर आले आणि वाटले की सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर ‘काही उपयोग नाही’ असेच द्यावे लागणार. मग मी बर्लिनची हकीकत वाचली.

२४ जून १९४८ रोजी सोव्हिएत रशियाने पश्चिम बर्लिनकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून अधिक माणसांचे शहर एका रात्रीत बेट झाले. उरले फक्त आकाशातले तीन अरुंद मार्ग. अमेरिका आणि ब्रिटन यांनी ठरवले, शहर विमानांनी जगवायचे. गंमत अशी की, तीन-चार वर्षांपूर्वी याच देशांची विमाने याच शहरावर बॉम्ब टाकीत होती. आता ती पीठ आणि कोळसा टाकणार होती.

पहिले काही आठवडे उत्साहाचे होते, म्हणजेच गोंधळाचे. १३ ऑगस्ट १९४८ च्या शुक्रवारी ढग इतके खाली आले की टेम्पेलहॉफ विमानतळावर काही दिसेना. एक विमान धावपट्टी ओलांडून पुढे जाऊन पेटले. दुसऱ्याने त्याला चुकवायला ब्रेक दाबले, त्याचे टायर फुटले. तिसरे अर्धवट बांधलेल्या धावपट्टीवर उतरून गरकन फिरले. वर ढगांत बाकीची विमाने एकावर एक घिरट्या घालू लागली. त्याच घिरट्यांत अडकलेल्या एका विमानात या कामाचा नवा प्रमुख बसला होता, जनरल विल्यम टनर. त्या दिवशी कुणी मेले नाही, हे दैव.

हा टनर आपल्याला अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात आसामच्या विमानतळांवरून हिमालय ओलांडून चीनला युद्धसामग्री नेत असत. त्या मार्गावर शेकडो विमाने डोंगरांत हरवली होती. १९४४ मध्ये टनरकडे ते काम आले आणि त्याने माल वाढवून अपघातांचे प्रमाण उतरवले. आकाशात शौर्य दाखवणाऱ्यांवर त्याचा फारसा विश्वास नव्हता. उत्तम मालवाहतूक ही कंटाळवाणीच असली पाहिजे, असे त्याचे मत होते.

त्या काळ्या शुक्रवारनंतर त्याने नियम केला. हवा स्वच्छ असो की नसो, प्रत्येक विमानाने यंत्रांकडे पाहून, ठरलेल्या उंचीवरून, ठरलेल्या अंतरानेच यायचे. आणि पहिल्या प्रयत्नात उतरता आले नाही तर दुसरा प्रयत्न नाही. मालासकट सरळ परत. क्षणभर कल्पना करा. खाली भुकेले शहर, वर पिठाने भरलेले विमान, आणि ते पीठ घेऊन परत चालले आहे! त्या नियमाला कुणीही निष्ठुर म्हणेल. पण त्याच नियमामुळे पुढे एकामागून एक, घड्याळाच्या ठोक्यासारखी विमाने उतरू लागली. १९४९ च्या एप्रिलमध्ये एका दिवसात सुमारे १,४०० फेऱ्या झाल्या.

वजनाचा विचार तर गृहिणीच्या काटकसरीने केला होता. बटाटे सुकवून नेले, कारण ओल्या बटाट्यात पाणीच फार. मांस हाडे काढून नेले. मिठाने विमानाच्या धातूला गंज चढतो, म्हणून ते नेण्याचे काम पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना दिले आणि ती बर्लिनच्या तळ्यात उतरली. दया तीच होती, पण आता ती हातात तराजू घेऊन उभी होती. पावणेतीन लाखांहून अधिक फेऱ्यांत सुमारे २३ लाख टन माल त्या शहरात गेला आणि शहर जगले.

तरीही १०१ माणसे गेली. काही विमाने कोसळून, काही जमिनीवरच्या अपघातांत. पहिल्याच महिन्यात एक डाकोटा विमान फ्रीडेनाऊ या वस्तीत घरांवर पडले आणि आतले दोघे अमेरिकन गेले. तिथल्या रहिवाशांनी पाटी लावली. एके काळी आपण शत्रू होतो आणि तुम्ही आमच्यासाठी प्राण दिलेत, अशा अर्थाची. टेम्पेलहॉफच्या समोर १९५१ साली एक स्मारक उभारले. अर्धवट तुटलेल्या कमानीसारखे ते आकाशात झुकलेले आहे आणि त्याला तीन मार्गांचे तीन दात आहेत. विनोदी बर्लिनकर त्याला ‘भुकेचे दाताळे’ म्हणतात. पायाशी मृत वैमानिकांची नावे आहेत.

मला वाटते, इथे माझ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. हेतूला वजन नसते; तो विमानाला खाली ओढत नाही, तसा वरही उचलत नाही. पुण्याचा उपयोग विमान तरंगत ठेवण्याकडे नाहीच. तो ते काळजीपूर्वक भरण्याकडे आहे. पोते बाजूला ठेवणारा, कडी दोनदा ओढून पाहणारा, ‘आज हवा नाही, उद्या जाऊ’ म्हणून शिव्या खाणारा माणूसही पुण्यच करीत असतो. त्याची आरती कुणी ओवाळत नाही, एवढेच.

आणि अपघात झालाच, तर त्यांना ‘हुतात्मा’ म्हणून फुले वाहून मोकळे होणे मला पुरेसे वाटत नाही. फुलांखाली कारणेही झाकली जातात. कुठला खिळा सैल होता, कुणी घाई केली, कुठला निर्णय चुकला, हे शांतपणे लिहून ठेवणारा चौकशीचा अहवाल रुक्ष असतो. पण पुढचे विमान वाचवतो तो तोच. माझ्या मते तेच खरे श्राद्ध.

आता उरलेले अर्धे उत्तर. ते केदारनाथच्या त्या हेलिकॉप्टरपाशी आहे.

भाचा रजेवर आला की मी त्याला विचारते आणि तो मला विद्यार्थिनीसारखे शिकवतो. “मामी, हेलिकॉप्टर हवेला रेटून वर चढतं. जितकं उंच जाल तितकी हवा विरळ. खाली दहा माणसं उचलणारं यंत्र वर तितकी उचलेलच असं नाही. म्हणून प्रत्येक फेरीला नवा हिशेब.” केदारनाथ साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. दरी अरुंद, ढग केव्हा उतरतील याचा नेम नाही. हिशेब चोख ठेवला तरी अशा जागी काही धोका उरतोच. तो शून्य करण्याचा एकच उपाय असतो: जायचेच नाही.

ते हेलिकॉप्टर त्या दिवशी काय घेऊन गेले होते ठाऊक आहे? लाकडे. केदारनाथला चिखलात पडलेल्या मृतांना अग्नी देण्यासाठी लागणारी लाकडे आणि सामान. ते पोचवून ते परत येत होते. जिवंतांना वाचवायला माणूस जीव धोक्यात घालतो हे आपण समजू शकतो. इथे ज्यांच्यासाठी जायचे त्यांना आता वाचवायचे काही उरले नव्हते. रोगराई पसरू नये हे व्यावहारिक कारण होते, आणि ते खरेही होते. पण मला त्या लाकडांत जटायूची लाकडे दिसतात. अनोळखी माणसाला नीट निरोप द्यावा, एवढ्यासाठी डोंगर चढणारे लोक आपल्यात आहेत. ती लाकडे पोचली. दुसऱ्या दिवशी वायुदलप्रमुख एअर चीफ मार्शल ब्राउन गौचरला जाऊन वैमानिकांना भेटले, काम थांबणार नाही असे त्यांनी सांगितले, आणि ते थांबले नाही.

तेव्हा उपयोग विचारायचाच असेल तर तो जाणाऱ्यांच्या बाजूने विचारून चालणार नाही. पुण्य हे कवच असते तर ते करण्यात मोठेपणा कसला? सुरक्षिततेची हमी घेऊन कुणीही धावेल. हमी नाही, आपले विमानही इतरांच्या विमानांसारखेच पडू शकते, हे पक्के ठाऊक असून जो हिशेब करून निघतो त्याच्या निघण्यालाच आपण पुण्य म्हणत आलो आहोत. ज्यांच्या दारी ते पोचते त्यांना त्याचा उपयोग विचारावा लागत नाही.

भाच्याने मला वजनाचा हिशेब कसा मांडतात तेही एकदा दाखवले होते. आधी यंत्राचे स्वतःचे वजन. मग इंधनाचे. मग मालाचे: पीठ, औषधे, पांघरुणे, जे असेल ते. पण या सगळ्यांत एक आकडा असा असतो की तो वगळून कुठलाच हिशेब पुरा होत नाही. तो असतो चालवणाऱ्या माणसांच्या वजनाचा. माणशी साठ किलो, सत्तर किलो, ऐंशी किलो. विमान उडण्यापूर्वी तो आकडा पोत्यांच्या रांगेत निमूटपणे मिळवलेला असतो. पुण्याचे वजन कुठे लिहून ठेवले असेल, तर ते तिथे.